सातव्या नंबरचं बटण

मत द्यायला पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो, की खंडोजीअण्णा माझा डावा हात ओढून घ्यायचा आणि तळव्यावर बोट आपटायचा. ज्या नंबरचा उमेदवार, तितक्या वेळा. तोंडातून अक्षर नाही. घरातून निघताना विचारलं, रस्त्यात विचारलं, रांगेत पाय दुखायला लागले तेव्हा विचारलं, तरी सांगायचा नाही. म्हणायचा, "मत आहे ते मारुत्या. हळदीकुंकवाचं वाण नव्हे, गल्लीभर वाटायला." मी थापा मोजून बटण दाबायचो, मशीन लांब आवाज काढायचं, आणि अण्णा हळूच विचारायचा, "आयतु?" कन्नडात म्हणजे झालं का. मी म्हणायचो, "आयतु." एवढंच बोलणं.

अण्णाला दिसत नव्हतं. चार वर्षांचा असताना देवी आल्या, त्या दोन्ही डोळे घेऊन गेल्या. आमची दोघांची घराणी कधीकाळी फौजेबरोबर बेंगळुरात आलेली; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा म्हणून अण्णा, नात्याचा नव्हे. यशवंतपूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायची एक शेड होती. तिथं तो तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायचा आणि मी फिटर. तीस वर्षं आमची बाकडी शेजारी, आणि घरंही एकाच गल्लीत.

एकदा मालकाला घाई होती म्हणून एक कॉइल मी गुंडाळली. अण्णानं ती हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दोन वेढे कमी." मी भडकलो. फिटरचं काम करणाऱ्याला आंधळ्यानं सगळ्यांसमोर शिकवायचं? म्हटलं, उलगड, मोज. त्यानं उलगडली, सगळ्यांनी मोजली. दोनच कमी. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. रोज दुपारी तो आपला डबा घेऊन माझ्या बाकड्यापाशी यायचा, बसायचा आणि गप जेवायचा. पाचव्या दिवशी म्हणाला, "राग उतरला की सांग. घाई नाही. मी तोवर जेवतो."

एका गोष्टीचा मात्र त्याला मनापासून संताप यायचा. दवाखान्यात जा, रेशनच्या दुकानात जा, लोक त्याच्याबद्दल मला विचारायचे. "ह्यांचं नाव काय? ह्यांना काय होतंय?" अण्णा मान तिकडं वळवायचा. "मला विचारा की. डोळे गेलेत, कान घरचेच आहेत." ते ओशाळायचे, आणि पुढचा प्रश्न परत मलाच.

मताच्या खोलीत तर हे ठरलेलंच. जाताना साहेब माझ्यापुढं कागद सरकवायचा. ह्यांचा सोबती म्हणून जातो, ह्यांचं मत कुणाला सांगणार नाही, आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालो नाही, असं त्यात लिहिलेलं असतं म्हणे. माझी शाळा चौथीपर्यंत. सही करता येते, पण असला कागद वाचायचा तर अर्धा तास हवा. ते कळू नये म्हणून मी नुसती नजर फिरवून सही ठोकायचो. मग सोबत्याची खूण म्हणून माझ्या उजव्या बोटाला शाई. डाव्या बोटाला माझ्या मताची, उजव्याला अण्णाच्या. चहाच्या टपरीवर मी दोन्ही बोटं मिरवायचो. "दोन मतांचा मालक आहे मी," म्हणायचो. अण्णा म्हणायचा, "मालक नव्हे रे, हमाल."

हे बोलणं मला लागायचं. पण खरं सांगतो, ते खोटं करून दाखवायचं असं काही मी ठरवलेलं नव्हतं.

एका खेपेची गोष्ट. मतदानाच्या दोन दिवस आधी अण्णानं नेहमीप्रमाणं उमेदवारांची यादी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. सातव्या नंबरला एक बाई होत्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, कुठल्या पक्षाच्या नाहीत. त्यांच्या नावाशी अण्णा म्हणाला, "स्वल्प थांब. परत वाच." मी ओळखलं.

"अण्णा, ती बाई पडणार. गल्लीतलं कुत्रंसुद्धा तिला मत देणार नाही."

"कुत्र्याला मत नाही रे. मला आहे."

"मत वाया जाईल!"

"मत काय दूध आहे, नासायला?" तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मी ताप घेऊन गेलो होतो तेव्हा त्या बाईनं मला विचारलं, 'कुठं दुखतंय?' मला विचारलं, मारुत्या. तू शेजारीच उभा होतास, तरी मला."

मी चार नंबरवाल्याच्या बाजूचा. त्यानं रेल्वेच्या रुळाखालून वाट काढून देतो म्हणून सांगितलं होतं. अण्णा काठी आपटत रूळ ओलांडायचा तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा. म्हटलं, तुझ्याच पायाखालची वाट आहे, आणि तू तापातल्या गोड बोलण्याला भुलतोस? त्यावर तो फक्त "सरी, सरी" म्हणाला. म्हणजे ठीक आहे, आता पुरे.

मतदानाच्या दिवशी आडोशाला गेल्यावर त्यानं माझ्या तळव्यावर सात थापा मारल्या. सावकाश, एकेक. माझं बोट सातवर गेलं. टेकलंसुद्धा. आणि तिथून वर सरकून चारवर आलं. दोन्ही बटणांमध्ये वीतभर अंतर नसतं. मी दाबलं. मशीन ओरडलं. शेजारच्या काचेत चार नंबरची चिठ्ठी दिसली, थोडा वेळ उभी राहिली आणि खाली पडली. अण्णाचं तोंड मशीनकडंच होतं, जसं काही त्यालाही दिसतंय.

"आयतु?"

"आयतु," मी म्हणालो.

चार नंबरवाला निवडून आला. आमच्या दोघांच्या मतांशिवायही आरामात आला असता.

मला वाटलं, संपलं. मशीनच्या पोटात गेलेलं कोण बघायला जातंय? पण निकालानंतर काही दिवसांनी मी अण्णाकडं कॉफी पीत बसलो होतो, आणि त्याची पुतणी पद्मा फोन घेऊन आली. ती अण्णाजवळच राहायची, त्याचं सगळं तीच बघायची. म्हणाली, "काका, प्रत्येक बूथमध्ये कुणाला किती मतं पडली, ते आलंय. आपल्या शाळेतल्या बूथचं वाचू?"

"सात नंबर वाच," अण्णा म्हणाला.

"शून्य."

"बरोबर ओळीत बघ."

"बघितलं की काका. शून्य."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. अण्णा माझ्याकडं वळला. डोळे नसलेला माणूस बघतो तेव्हा लपायला जागा राहत नाही.

"मारुत्या, मी किती मारल्या होत्या?"

"सात."

"मग?"

त्या वेळी 'चुकलो' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण पद्मा समोर होती. मी म्हणालो, "मशीन. मशीनचा काय भरवसा?"

अण्णा मग म्हणाला, "माझं एक गेलं तर जाऊ दे. पण मशीननं माझं खाल्लं म्हणजे सगळ्यांचं खात असणार. गप बसून चालायचं नाही."

आणि तो गप बसला नाही. टपरीवर, देवळाच्या कट्ट्यावर, फुलवालीपाशी, सगळीकडं तो शून्याची गोष्ट सांगत सुटला. आंधळा माणूस, आयुष्यात कधी खोटं न बोललेला. लोकांनी विश्वास ठेवला. फुलवाली अक्का म्हणाली, "मग आम्ही तरी उन्हात कशाला उभं राहायचं? घरीच बसतो पुढच्या वेळी." टपरीवाला मला म्हणाला, "तुम्ही तर आत होता. तुम्ही सांगा, दाबलं ना सात?" मी म्हणालो, "दाबलं." एकदा नव्हे, चार-पाच वेळा म्हणालो. दर वेळी ते म्हणणं सोपं होत गेलं. मशीन बिचारं शाळेतून केव्हाच गेलं होतं. त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. त्याची साक्ष देऊ शकणारा मीच एकटा.

शेवटी अण्णानं पद्माकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि मला घेऊन निवडणुकीच्या कचेरीत गेला. बसमध्ये तो माझा दंड धरून उभा होता. "तू घाबरू नको," मला म्हणाला. "खरं बोलायला काय लागतं?"

कचेरीतल्या बाई शांत होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि मला विचारलं, "ह्यांचं म्हणणं काय आहे?"

"मला विचारा," अण्णा म्हणाला.

त्यांनी माफी मागितली आणि त्याला विचारलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तक्रार मोठी आहे. सोबत्याचा जबाब लागेल. त्यांनी लिहून द्यायचं, की मतदारानं सांगितलेलंच बटण मी दाबलं. खोटं निघालं तर गुन्हा होतो, हेही सांगते." कागद माझ्यापुढं आला. पेन आला.

ह्या खेपेला मी वाचला. कन्नड अक्षरं एकेक जोडत, ओठ हलवत, त्या बाईंच्या देखत. शेवटच्या ओळीपर्यंत आलो. खाली सहीची रेघ होती. पेन मी रेघेवर धरला. पंखा फिरत होता. मागच्या टेबलावर कुणीतरी शिक्के मारत होतं.

"मारुत्या," अण्णा म्हणाला, "पेनाचा आवाज का येत नाही रे?"

पेन रेघेवरच होता.

तो थांबला. मी मनात मोजलं असतं तर शंभरपर्यंत गेलो असतो, इतका थांबला. मग काठी चाचपत उठला. "अम्मा, अर्ज परत द्या. मशीनची तब्येत ठीक आहे. आमच्याच घरात आजार निघाला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं. अर्ज परत दिला.

बाहेर बस थांब्यावर तो म्हणाला, "चार?"

"चार."

"का?"

"तुझ्या भल्यासाठी."

तेव्हा अण्णा हसला. ते हसणं मला आजही नको वाटतं. "जन्मभर लोक माझ्या भल्यासाठी माझ्याऐवजी तुझ्याशी बोलले," तो म्हणाला. "तूही त्यांच्यातलाच निघालास की."

बस आली. मी हात पुढं केला. त्यानं काठीनं पायरी शोधली आणि एकटा चढला.

आता लोकांना वाटेल, बोलणं तुटलं. तसं नाही. कॉफी चालू राहिली. उलट टपरीवर, कट्ट्यावर, फुलवालीपाशी, जिथं जिथं तो बोलला होता, तिथं तिथं तो परत गेला आणि म्हणाला, "मशीनवर मी खोटा आळ घेतला. चूक माणसाची होती." कुठल्या माणसाची, ते सांगितलं नाही. ओळखायचं त्यांनी ओळखलं. पण त्यानं माझा हात मात्र परत धरला नाही. रूळ ओलांडताना मी दोन पावलं मागं चालायचो आणि त्याची काठी मोजायचो.

पुढची निवडणूक जवळ आली. मंजुळा टीचर म्हणून सरकारी शाळेतल्या बाई आमच्या गल्लीच्या यादीचं काम बघतात. दारोदार फिरून कोण आहे, कोण गेलं, त्याची नोंद ठेवतात. त्या अण्णाला म्हणाल्या, "तुम्हाला शाळेत यायला नको. अर्ज भरा, आमची माणसं घरी येऊन मत घेतील."

"घरी मशीन येणार?"

"नाही आजोबा, कागद येतो. शिक्का किंवा खूण करायची."

"तो कागद मला कोण वाचून दाखवणार? परत कुणीतरी सोबती." तो अडून बसला. "सोय चांगली आहे. खाटेवर पडलेल्याला द्या. मला माझं मत माझ्या बोटानं द्यायचंय."

तेव्हा टीचरनी सांगितलं, की बटणांच्या शेजारी आंधळ्यांसाठी उठावाचे ठिपके असतात, ब्रेलचे आकडे. एवढी वर्षं ते तिथं होते. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगितलं असतं का, देव जाणे. अण्णा कधी शाळेत गेला नव्हता, ब्रेल कुठून येणार? म्हणाला, "अक्षरं नकोत. आकडे शिकवा. सोळापर्यंत पुरेत."

सत्त्याहत्तराव्या वर्षी तो शिकायला बसला. पद्मानं पुठ्ठ्यावर जाड सुई टोचून ठिपके उठवले. पण साखरेच्या आजारानं त्याची बोटं बधिर झाली होती. जे बोट दोन वेढे कमी ओळखायचं, त्याला चार आणि सहा वेगळे कळेनात. तो चिडायचा, पुठ्ठा फेकायचा, परत शोधायचा. शेवटी करंगळीजवळच्या बोटात थोडी जाण उरलीय असं त्याच्या ध्यानात आलं. त्या बोटानं तो रोज सकाळी वाचायचा. मी समोर बसायचो. तो मला काही विचारायचा नाही.

मतदानाच्या दिवशी पद्माला तिच्या बूथवर केआर पुरमला जावं लागलं, तिचं नाव अजून नवऱ्याच्या घरच्या यादीत होतं. अण्णाला शाळेपर्यंत नेणारा मीच उरलो. रांग मोठी होती. आम्हाला पुढं सोडलं. साहेबांनी अण्णाला बघितलं आणि सवयीनं कागद माझ्यापुढं सरकवला. "सोबती ना? इथं सही."

"मी आत जाणार नाही," मी म्हणालो.

"मग कोण जाणार? लवकर करा, मागं रांग आहे."

"ते एकटे देणार."

"अहो, ते चुकतील. तुम्ही जा आणि दाबा, काय फरक पडतो?"

खोलीत दहाएक माणसं होती. पक्षांची पोरं यादी घेऊन बसली होती. निम्मी मला ओळखणारी. मी म्हणालो, "साहेब, मागच्या खेपेला ह्यांनी सांगितलेलं बटण मी दाबलं नाही. दुसरंच दाबलं. मला आत पाठवू नका."

अण्णाची मान माझ्याकडं वळली, आणि मग साहेबांकडं. "साहेब, मला विचारा. मत माझं आहे."

साहेबांनी कागद परत ओढला. उठले, अण्णाचा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि स्वतः मागं आले.

मी दाराशी उभा राहिलो. पुठ्ठ्याखाली फक्त त्याचे पाय दिसत होते. आवाज नाही. बाहेर एकजण म्हणाला, "मशीन बंद पडलं काय?" दुसरा म्हणाला, "म्हातारा झोपला असेल." त्याच्या डाव्या पायाची चप्पल हलली. परत स्थिर. बोट फिरत असणार, वरून खाली, एकेक ठिपका. त्याची जाण गेली तर? मधलंच कुठलं दाबलं तर? आत जावं, एका क्षणात करून द्यावं, असं माझ्या पायांना वाटत होतं. मी दाराची चौकट धरून ठेवली. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही.

मग मशीन ओरडलं.

अण्णा भिंतीला धरून बाहेर आला. कपाळ घामानं डबडबलेलं. मी काही विचारलं नाही. पायऱ्यांपाशी तो म्हणाला, "काचेत चिठ्ठी येते म्हणे. ती मला दिसत नाही. तेव्हा बरोबर बसलं का नाही, मी सांगू शकत नाही." थोडा दम घेतला. "पण चुकलो असेन तर मी चुकलो."

आणि माझा दंड धरला, कारण पायऱ्या उंच होत्या.

त्यानंतर पाचव्या महिन्यात अण्णा गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही.

महिन्याभरानं मंजुळा टीचर यादी घेऊन आल्या. अण्णाचं नाव काढायचं तर कुणीतरी अर्ज करायला हवा. पद्मा रडायला लागली. "राहू दे ना टीचर. कुणाचं काय जातंय? यादीत आहे तोवर वाटतं, काका आहेत कुठंतरी." आमच्या गल्लीत असंच चालतं. फुलवालीच्या नवऱ्याचं नाव अजून आहे, मालकाच्या आईचं आहे. काढायचं म्हटलं की लोकांना माणूस दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं होतं. टीचरही कागद पिशवीत ठेवायला लागल्या.

मी म्हणालो, "पद्मा, मोकळं नाव म्हणजे उघडं दार. कुणीही त्याच्या नावानं जाऊन बोट पुढं करील. त्याचं मत एकदा दुसऱ्यानं दिलंय. परत नको."

टीचरना अर्ज वाचून दाखवायला सांगितला. पूर्ण, तीनदा. आपल्याला भरभर वाचता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. खंडोजीरावांचं नाव, यादीतला नंबर, कारण मृत्यू, अर्ज करणारा त्याच भागातला मतदार. मग सही केली.

त्याच्या नावानं आता कुणाला मत देता येणार नाही. मलाही नाही.